गरुडाच्या घरट्यात डोकावताना: थेट कॅमेऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगलच्या, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडांच्या, जोडीमुळे बरेच मराठी पक्षीप्रेमी घरट्यांवरच्या थेट कॅमेऱ्यांकडे वळले आहेत. नव्याने पाहू लागणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बरीचशी उदाहरणं त्याच घरट्याची आहेत. ते घरटं मी सर्वांत जवळून पाहत आलो आहे आणि शिकारी पक्ष्याच्या आयुष्यात घडू शकणारं जवळजवळ सगळं तिथे घडून गेलं आहे.

थेट कॅमेरा म्हणजे नेमकं काय?

घरट्याच्या वरच्या किंवा शेजारच्या फांदीवर कायमचा बसवलेला कॅमेरा. तो दिवसरात्र चालू असतो आणि त्याचं चित्र, बहुतेक ठिकाणी आवाजासकट, यूट्यूबवर फुकट पाहता येतं. निवेदन नाही, संगीत नाही, काटछाट नाही. घरट्यात कोणी नसेल तर रिकामं घरटंच दिसतं.

जॅकी-शॅडोचं घरटं दक्षिण कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनो डोंगरांतल्या बिग बेअर सरोवराजवळ, जेफ्री पाइनच्या झाडावर जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर आहे. ठिकाणाची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या ना-नफा संस्थेने तिथे २०१५ मध्ये पहिला कॅमेरा लावला. २०२१ मध्ये दूरवरून संपूर्ण झाड आणि सरोवर दाखवणारा दुसरा कॅमेरा आला. दोन्ही सौरऊर्जेवर चालतात.

सुरुवात कुठून करावी?

एकच घरटं निवडा आणि पहिल्या काडीपासून शेवटच्या पिल्लाच्या उड्डाणापर्यंत तेच पाहा. दहा घरट्यांच्या खिडक्या एकदम उघडल्या तर दहा पक्षी दिसतात, पण एकही कळत नाही.

हंगाम मात्र ध्यानात ठेवा. बिग बेअरला अंडी साधारण जानेवारीत येतात आणि पिल्लं मे-जूनमध्ये उडतात. आयोवा राज्यातल्या डेकोरा इथले बाल्ड ईगल थोडे उशिरा, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू करतात. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाच्या मैदानातल्या दिव्याच्या खांबावर लाल शेपटीच्या बाजांचं घरटं आहे. त्यांची अंडी मार्चमध्ये. स्कॉटलंड-वेल्सचे ऑस्प्रे हे मासे पकडणारे शिकारी पक्षी पश्चिम आफ्रिकेतून मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि ऑगस्टपर्यंत घरट्यावर असतात. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलट. सिडनीच्या ऑलिंपिक पार्कमधले समुद्रगरुड जून-जुलैत अंडी घालतात. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीच्या कडेला बहिरी ससाण्याची जोडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसते.

अगदी नवख्या माणसाला मी कॉर्नेलचा कॅमेरा सुचवतो. तिथे दिवसभरात वारंवार भक्ष्य येतं, पिल्लं दीड महिन्याच्या आसपास उडतात आणि सोबत जाणकारांची लिखित माहितीही मिळते.

आपल्या घड्याळाप्रमाणे केव्हा पाहायचं?

कॅलिफोर्निया हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेबारा. म्हणजे जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा बिग बेअरला फटफटत असतं. रात्रभर अंड्यांवर बसलेली जॅकी उठते, शॅडो येतो, पाळी बदलते. आपली जेवणं आटोपण्याच्या सुमारास हे सगळं घडतं, ही भारतातल्या प्रेक्षकांची मोठीच सोय. तिथला सूर्यास्त आपल्या सकाळी साडेसहाच्या आसपास.

ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार तास मागे. तिथली पहाट आपल्या सकाळी नऊ-साडेनऊची. सिडनी तिथल्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, म्हणून तिथली दुपार शाळकरी मुलांच्या मधल्या सुट्टीत सापडते. झोपमोड करून पाहू नका. बहुतेक वाहिन्यांवर काही तास मागे जाता येतं आणि महत्त्वाचे क्षण संस्था वेगळे काढून ठेवतातच.

कॅमेऱ्याचा पक्ष्यांना त्रास होत नाही का?

कॅमेरा केव्हा लावला यावर ते अवलंबून आहे. जबाबदार संस्था हे काम विणीचा हंगाम संपल्यावर, पक्षी घरट्याभोवती नसताना करतात. एकदा हंगाम सुरू झाला की कॅमेरा बिघडला तरी झाडावर कोणी चढत नाही. ऐन अंडी फुटण्याच्या दिवसांत चित्र गेलं तर गेलं. अशा वेळी प्रेक्षकांची चिडचिड होते, पण संस्था त्या चिडचिडीपुढे नमत नाही यावरूनच ती चांगली आहे हे ओळखावं.

रात्रीचं चित्र अवरक्त प्रकाशात घेतलं जातं. तो गरुडांना दिसत नाही, त्यांच्या दृष्टीने तिथे काळोखच असतो. बिग बेअरच्या घरट्याभोवतीचा जंगलाचा भाग अमेरिकी वनसेवा विणीच्या काळात माणसांसाठी बंद ठेवते.

नर कोणता, मादी कोणती?

शिकारी पक्ष्यांमध्ये सहसा मादी नरापेक्षा मोठी असते. जॅकी अंगाने भरलेली, शॅडो लहानखुरा. दोघं शेजारी आले की पटकन कळतं. एकेकटे असताना चोच, डोळ्यांभोवतीची छटा, चालण्याची ढब यांवरून. पंधरा दिवस नियमित पाहिलंत की कोणाला विचारावं लागणार नाही.

तासन् तास काहीच घडत नाही. पाहायचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण उत्तर पाहणाऱ्याच्या हातात आहे. अंड्यांवर बसलेला गरुड स्वस्थ नसतो. दर थोड्या वेळाने तो उठतो, नख्या मुठीसारख्या आत वळवून पावलं टाकतो, चोचीने अंडी हलकेच फिरवतो, मग अंग डोलवत पुन्हा बसतो. त्या डोलण्यामागे कारण आहे. विणीच्या काळात पोटावरच्या एका भागातली पिसं विरळ होतात, तिथली कातडी रक्ताने गरम असते आणि ती थेट अंड्याला टेकायला हवी. अंडी फिरवली नाहीत तर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू शकतो.

पाळी बदलताना पाहा. अंडी नेहमी मादीच उबवते असा आपल्याकडे समज आहे. बाल्ड ईगलचा नर दिवसा बराच वेळ बसतो आणि शॅडोला तर उठवावं लागतं. जॅकी येऊन शेजारी उभी राहते, तो हलत नाही. ती काड्या सरकवते, त्याच्या अंगावर वाकते, शेवटी तो नाइलाजाने उठतो. उलटंही घडतं. फेब्रुवारी २०२४ मधल्या वादळात जॅकी सलग जवळपास ६२ तास अंड्यांवर होती. अन्न नाही, बदली नाही. शॅडो येऊन गेला, तिने जागा सोडली नाही.

काड्यांकडेही लक्ष द्या. घरटं एका वर्षात संपत नाही. दर हंगामाला त्यावर नवा थर चढतो. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळचं बाल्ड ईगलचं एक घरटं १९६३ मध्ये मोजलं तेव्हा जवळजवळ तीन मीटर रुंद, सहा मीटर खोल आणि सुमारे दोन टन वजनाचं निघालं होतं. पुढे आवाज. बिग बेअरला वाऱ्याचा आवाज ऐकून गरुडाच्या आधी तुम्हाला वादळ कळू लागेल. डोमकावळ्याच्या जातीतल्या रेव्हनची हाक ऐकली की बसलेला गरुड मान वर करतो, कारण त्या घरट्यातली अंडी रेव्हननी याआधी लुटलेली आहेत.

आणि आहार. सरोवरातला मासा येतो तसे चांदवेही येतात, आपल्या तलावांवरच्या वारकरी पक्ष्याचे ते अमेरिकी भाऊबंद. कोणत्या महिन्यात काय जास्त येतं याची साधी वही ठेवली तर सरोवर गोठल्याचं, वितळल्याचं त्या वहीतूनच दिसतं.

बर्फात अंडी कशी टिकतात?

नेहमी टिकत नाहीत. उबवणारा पक्षी पाठीवर बर्फाचा थर चढला तरी हलत नाही आणि खाली अंडी कोरडी, उबदार राहतात. एवढं करूनही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बिग बेअरला एकही पिल्लू झालं नाही. २०२४ मध्ये तीन अंडी होती; मुदत उलटून कित्येक दिवस गेले तरी दोघं ती उबवत राहिले.

अंडं फुटायला किती दिवस लागतात?

बाल्ड ईगलला साधारण पस्तीस. बिग बेअरच्या उंचीवर आणि थंडीत अडतीस-एकोणचाळीस. कवचाला पहिलं छिद्र पडल्यावर पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक दिवस किंवा त्याहून अधिक लागू शकतो. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक छोटा कठीण उंचवटा असतो, त्याने ते आतून कवच फोडतं. आईबाप मदत करत नाहीत. तुम्हीही घाबरू नका. ते थांबून विश्रांती घेतं.

मोठं पिल्लू धाकट्याला टोचतं. आईबाप थांबवत का नाहीत?

अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि उबवणं पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच सुरू होतं, त्यामुळे पिल्लंही वेगवेगळ्या दिवशी जन्मतात. २०२५ मध्ये बिग बेअरची तीन पिल्लं ३, ४ आणि ८ मार्चला बाहेर आली. त्या वयात चार दिवसांचा फरक फार मोठा. पहिल्या दोन आठवड्यांत मोठं पिल्लू धाकट्याच्या डोक्यावर चोची मारतं, धाकटं मान खाली घालून पडून राहतं. अन्न भरपूर असेल तर बाल्ड ईगलमध्ये हे हळूहळू थांबतं. दुष्काळात धाकटं उपाशी राहतं आणि एखादं तरी नक्की जगतं. आईबाप मध्ये पडत नाहीत. समोर जी चोच उघडी असेल तिच्यात घास देतात.

काही जातींत हे थांबतच नाही. आफ्रिकेतल्या व्हेरोच्या काळ्या गरुडात दोन अंडी असतात आणि अन्न कितीही असलं तरी मोठं पिल्लू धाकट्याला जवळजवळ नेहमीच मारतं. झिम्बाब्वेतल्या माटोबो टेकड्यांत व्हॅलरी गारगेट यांनी एका घरट्यात तीन दिवसांत १,५६९ टोचे मोजले होते. दुसरं अंडं विम्यासारखं असतं: पहिलं फुटलं नाही तरच त्याचा उपयोग. ज्यांना हे पाहवणार नाही त्यांनी घरटं निवडतानाच जात कोणती ते विचारावं. बाज आणि ससाण्यांच्या घरट्यांत अशी भांडणं खूप कमी असतात.

पिल्लू डोळ्यांदेखत मरतंय आणि कोणी काहीच करत नाही. हे क्रूर नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी घाईने उत्तर देत नाही. मार्च २०२५ मध्ये बिग बेअरला जोरदार हिमवादळ आलं. जॅकी तिन्ही पिल्लांवर बसून होती, शॅडोही घरट्यात येऊन शेजारी टेकला. १४ मार्चच्या सकाळी जॅकी उठली तेव्हा दोनच पिल्लं हलत होती. जगभरातून हजारो माणसं त्या क्षणी पाहत होती. त्याआधी मे २०१९ मध्ये कुकी नावाचं पिल्लू अवेळी आलेल्या थंडी-पावसात गेलं होतं, तेही असंच सगळ्यांसमोर.

मदत का करत नाहीत याची कारणं नीट समजून घ्यावीत. १४५ फुटांवर माणूस चढला तर आईबाप उडतात आणि वादळात त्यांचं पाच-दहा मिनिटं दूर राहणं उरलेल्या पिल्लांच्या जिवावर बेततं. थोडी मोठी पिल्लं घाबरून उडण्याआधीच उडी मारतात. माणसाच्या हातून वाढलेल्या गरुडाला शिकार शिकवणारं कोणी नसतं. शिवाय अमेरिकेत १९४० पासून या पक्ष्याला स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय घरट्याला हात लावणं गुन्हा ठरतो.

लोकांच्या दबावाने काय होतं याचं उदाहरण मिनेसोटाचं आहे. तिथल्या सरकारी कॅमेऱ्यावर २०१४ मध्ये एक पिल्लू जखमी दिसत होतं. हस्तक्षेप नको असा आधीचा निर्णय होता. फोन, पत्रं, संताप इतका वाढला की पिल्लू खाली उतरवलं गेलं. तपासात पंख मोडलेला आणि जखम चिघळलेली आढळली; त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. पिल्लू वाचलं नाही, घरट्यात माणूस मात्र शिरला.

तरीही ‘कधीच नाही’ असा नियम मी मानत नाही. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यात पाय अडकला असेल तर तो माणसाने घातलेला फास आहे आणि माणसानेच तो सोडवावा. फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या घरट्यातल्या दोन पिल्लांचे डोळे २०२१ मध्ये संसर्गाने चिकटले होते. परवानगी घेऊन त्यांना सॅनिबेल बेटावरच्या वन्यजीव दवाखान्यात नेलं, उपचार केले आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच घरट्यात ठेवलं. आईबापांनी त्यांना स्वीकारलं. हा निर्णय पशुवैद्यांनी आणि वन्यजीव खात्याने घेतला होता, थेट चित्राशेजारच्या गप्पांच्या चौकटीत (चॅटमध्ये) लिहिणाऱ्या माणसांनी नव्हे. माझ्या मते फरक तिथेच आहे. आपल्याला वाटणारी कळकळ खरी असते, पण त्या क्षणी आपल्याला घरट्याचा एकच कोन दिसत असतो.

वाईट वाटलं तर पाहणं थांबवा. दोन दिवसांनी परत या.

जोडीदार मेला तर?

बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत नवा जोडीदार येतो. पण पिल्लं घरट्यात असताना असं झालं तर अवघड होतं. फोर्ट मायर्सच्या याच जोडीतली हॅरिएट ही मादी फेब्रुवारी २०२३ मध्ये सकाळी उडाली आणि परत आलीच नाही. पिल्लं महिन्याभराची होती. आदल्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळाने त्यांचं घरटं उडवून नेलं होतं आणि दोघांनी ते पुन्हा बांधलं होतं. तिच्यामागे एम-१५ या नराने एकट्याने मासे आणले, भरवलं, हद्दीत घुसणाऱ्या परक्या गरुडांना हाकललं आणि दोन्ही पिल्लं उडाली. नर पिल्लांना नीट भरवत नाही असं पुस्तकी वाक्य ऐकवणाऱ्यांना मी हा हंगाम पाहायला सांगतो.

पक्ष्यांना नावं देणं योग्य आहे का?

मतभेद आहेत. डेकोराला पिल्लांना ‘डी’ आणि क्रमांक, सिडनीला ‘एसई’ आणि क्रमांक. बिग बेअरला नावं असतात. २०२५ च्या सनी आणि गिझ्मो यांची नावं तिथल्या तिसरीतल्या मुलांनी मतदानाने ठरवली. मला नावं खटकत नाहीत. ‘शॅडोला आज जॅकीचा राग आला’ अशी वाक्यं मात्र खटकतात. काय दिसलं ते आधी सांगावं, पक्ष्याला काय वाटलं ते सांगायला आपल्याजवळ काही साधन नाही.

लहान मुलांना दाखवावं का?

जरूर, सोबत बसून. भक्ष्य फाडून भरवणं मुलं मोठ्यांपेक्षा सहज पाहतात; त्यांना प्रश्न पडतात, किळस सहसा नाही. अंडी फुटण्याचे दिवस आणि वादळाचे दिवस यांत आधी स्वतः पाहून घ्या. पिल्लू मेलं तर खोटं सांगू नका.

या पाहण्याचा पक्ष्यांना काही फायदा होतो का?

होतो, आणि त्यासाठी थोडा इतिहास हवा. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत गेलं, अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की बसणाऱ्या मादीच्या वजनाने फुटू लागली. १९६३ मध्ये अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बाल्ड ईगलच्या अवघ्या ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला आणि २०२१ च्या सरकारी अहवालात त्याच भूभागावर सुमारे ३,१६,७०० बाल्ड ईगल असल्याचा अंदाज दिला गेला. आपल्या गिधाडांची गोष्ट वाचकांना आठवेल. तिथे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध होतं, गुरांसाठी त्याचा वापर २००६ मध्ये बंद झाला, पण आपली संख्या अजून सावरलेली नाही. रायगडात फणसाड आणि महाड-म्हसळ्याच्या बाजूला गिधाडांसाठी लोक चिकाटीने काम करताहेत.

आता कॅमेऱ्यांचं. डेकोराचं चित्र २०११ मध्ये थेट दिसू लागलं आणि कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. त्यामागची ‘रॅप्टर रिसोर्स प्रोजेक्ट’ ही संस्था बॉब अँडरसन यांनी १९८८ मध्ये बहिरी ससाण्यांसाठी सुरू केली होती. दिवसरात्रीच्या या नोंदींतून कोण किती वेळ बसतं, काय भरवतं, पिल्लं केव्हा काय शिकतात हे अभ्यासकांना घरट्याजवळ न जाता मिळतं.

दुसरा उपयोग पहाऱ्याचा. स्कॉटलंडमध्ये नामशेष झालेले ऑस्प्रे १९५० च्या दशकात लॉख गार्टनला परतले, तेव्हा १९५८ मध्ये अंडीचोराने घरटं लुटलं. पुढच्या वर्षी पक्षीसंरक्षण संस्थेने ठिकाण लपवण्याऐवजी लोकांसाठी खुलं केलं आणि चोवीस तास पहारा बसवला. हजारो डोळे हेच संरक्षण, ही कल्पना तिथली. ती पुरी पडतेच असं नाही. वेल्समध्ये लिन ब्रेनिग जलाशयात ऑस्प्रेच्या घरट्याचा खांब २०२१ मध्ये कोणीतरी रात्री करवतीने कापला. त्यात अंडं होतं.

यातले कोणते पक्षी आपल्याकडे दिसतात?

सिडनीच्या कॅमेऱ्यावर दिसतो तोच पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहतो. उंच झाडांवर वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो, मासे आणि समुद्रसाप आणतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने या घरट्यांची किनाऱ्यावर फिरून पाहणी केली आहे. सिडनीचा एक हंगाम पाहून मग सिंधुदुर्गात गेलात तर आकाशातल्या त्या पक्ष्याचं काय चाललंय हे तुम्हाला लांबूनच उमजेल. म्हणूनच मराठी प्रेक्षकाने सिडनी चुकवू नये असं मला वाटतं.

ऑस्प्रे हिवाळ्यात उजनीसारख्या जलाशयांवर येतो; तो आशियाच्या उत्तरेकडचा, स्कॉटलंडचा नव्हे. बहिरी ससाणाही हिवाळी पाहुणा. त्याचा इथला भाऊ शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करतो. बाल्ड ईगल आपल्याकडे नाही.

आमच्या गावाजवळ घरटं आहे. कॅमेरा लावावा का?

स्वतःहून नको. शिकारी पक्षी आणि त्यांची घरटी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात; वनविभागाची परवानगी आणि पक्ष्यांचा जाणकार यांच्याशिवाय घरट्याजवळ उपकरण नेणं चूकच. मोबाईलवर काढलेला घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकला तर दुसऱ्या रविवारी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात. विणीतल्या पक्ष्यांचे जवळून फोटो काढू नयेत, हा संकेत आपल्याकडच्या जबाबदार पक्षीमंडळांत आहेच. तो पाळा, मित्रांनाही सांगा.

त्याऐवजी घार पाहा. मुंबई-पुण्यात नारळावर, निलगिरीवर, मोबाईलच्या मनोऱ्यावर तिचं घरटं असतं आणि बऱ्याच जणांच्या खिडकीतून ते दिसतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वीण चालते, अंडी दोन-तीन, उबवण्याचा काळ महिनाभर. काड्यांबरोबर चिंध्या, प्लॅस्टिक, तारा असं काहीही ती रचते. खिडकीतून दुर्बिणीने पाहिलं तर तिला फरक पडत नाही. गच्चीवर जवळ गेलात तर ती डोक्यावर झेपावेल आणि तो तिचा हक्क आहे. संक्रांतीनंतर मात्र आजूबाजूच्या झाडांवर, तारांवर लोंबणारा मांजा कोणाच्या मदतीने काढता येतो का ते जरूर पाहा. घारींना तो कापतो.

डेटा फार जातो का?

चित्राची प्रत ३६० वर ठेवली तर बराच कमी जातो. बसलेला गरुड त्यातही स्पष्ट दिसतो.

गप्पांच्या चौकटीत काय लिहावं, काय नको?

प्रश्न विचारा, नोंदी लिहा. घरट्याचा पत्ता विचारू नका. दुसऱ्या घरट्यांतल्या घडामोडी इथे ओतू नका. तिथले स्वयंसेवक त्यासाठी पुन्हा पुन्हा विनंती करत असतात. आणि समाजमाध्यमांवर ‘गरुडाने पिल्लाला पंखाखालून काढून माणसाच्या हातात दिलं’ छापाची चित्रफीत आली तर पुढे पाठवण्याआधी संस्थेच्या मूळ वाहिनीवर जाऊन खात्री करा. अशा बनावट फिती आता खूप फिरतात.

पिल्लं उडाल्यावर पुढे काय होतं?

पहिल्या उड्डाणाआधी काही आठवडे पिल्लं घरट्याच्या काठावर पंख फडफडवत उड्या मारतात, मग शेजारच्या फांदीवर जातात. बाल्ड ईगल साधारण दहा ते चौदा आठवड्यांचा असताना उडतो. सनी आणि गिझ्मो जून २०२५ मध्ये उडाले. त्यानंतरही काही काळ ती आसपास राहतात, अन्नासाठी घरट्यावर ओरडत परततात, आईबापांच्या पायांतून मासा हिसकावतात. एक दिवस ती येत नाहीत.

डेकोराच्या काही पिल्लांना उपग्रह-यंत्र बसवलं होतं. त्यांतलं २०११ चं डी-१ पुढच्या उन्हाळ्यांत उत्तरेला कॅनडात हडसन उपसागराच्या परिसरापर्यंत गेलेलं दिसलं. बिग बेअरच्या पिल्लांना असं काही बांधलेलं नाही. डोकं-शेपटी पांढरी व्हायला पाच वर्षं लागतात, तोवर ती तपकिरी असतात आणि दुसऱ्या कोणत्याही तरुण गरुडासारखीच दिसतात. पहिल्या वर्षात बरीचशी मरतात.

बिग बेअरचं घरटं उन्हाळ्यात ओस पडतं. शरदात, ऑक्टोबरच्या आसपास, जॅकी आणि शॅडो पुन्हा काड्या आणू लागतात. मधल्या महिन्यांत सिडनी पाहा: ऑगस्टमध्ये पिल्लं लहान असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती उडायला लागली की करावॉंग नावाचे काळे-पांढरे पक्षी त्यांना घरट्याभोवती सळो की पळो करून सोडतात. त्या आठवड्यांत कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवा, कारण करावॉंग दिसण्याआधी ऐकू येतात.